शाळेत काय शिकवायचं, हे नेमकं कुठल्या कागदावर ठरतं?

राज्यात अभ्यासक्रमावरून वाद पेटला, की मी आधी एकच गोष्ट शोधतो. ज्या वाक्यावरून भांडण चाललंय, ते नेमकं कुठल्या कागदात आहे? राज्य अभ्यासक्रम आराखड्यात, इयत्तावार अभ्यासक्रमात, बालभारतीच्या पुस्तकात की शासन निर्णयात? बातमीत चारही ठिकाणचं वाक्य 'आता शाळेत हे शिकवणार' असंच छापून येतं. पण या चार कागदांची ताकद सारखी नाही. एकातलं वाक्य वर्गापर्यंत पोहोचायला चार वर्षं लागतात, कधी ते पोहोचतच नाही. दुसऱ्यातलं वाक्य येत्या सोळा जूनपासून लागू होतं.

२०२४ आणि २०२५ या दोन वर्षांत महाराष्ट्रात अशा वादांची रांगच लागली. मनुस्मृतीतला श्लोक, अकरावी-बारावीतलं इंग्रजी, दहावीच्या गणितात २० गुणांना पास, सीबीएसई पॅटर्न आणि शेवटी पहिलीपासूनची हिंदी. या भांडणांत कोण बरोबर, हे सांगण्याआधी ही सगळी यंत्रणा चालते कशी, ते बघू.

शिक्षण हा विषय १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीपासून समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांचाही त्यावर अधिकार आहे. जुलै २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मंजूर केलं. हे धोरण आहे, कायदा नव्हे. ते संसदेत विधेयक म्हणून आलेलं नाही, त्यामुळे राज्याने ते किती आणि कसं स्वीकारायचं यात बरीच मोकळीक उरते (निधीच्या नाड्या केंद्राच्या हातात असतात, ही गोष्ट वेगळी). तामिळनाडूने नकार देऊन स्वतःचं राज्य शिक्षण धोरण आणलं. कर्नाटकाने वेगळ्या धोरणासाठी आयोग नेमला, त्याचे अध्यक्ष आपले सुखदेव थोरात. महाराष्ट्राने मात्र केंद्राचं धोरण स्वीकारलं. त्यामुळे आपल्याकडचा वाद धोरण हवं की नको यावर न होता, ते कसं राबवायचं यावर होतो.

धोरणावरून एनसीईआरटीने राष्ट्रीय आराखडे तयार केले: २०२२ मध्ये पायाभूत स्तराचा आणि २०२३ मध्ये संपूर्ण शालेय शिक्षणाचा. त्यांच्या आधारे प्रत्येक राज्याने आपला आराखडा करायचा. आपल्याकडे हे काम पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडे, म्हणजे एससीईआरटीकडे आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ नुसार प्राथमिक शिक्षणाचा अभ्यासक्रम आणि मूल्यमापनाची पद्धत ठरवण्याचं काम 'शैक्षणिक प्राधिकरणा'चं असतं, आणि महाराष्ट्रात ते प्राधिकरण म्हणजे ही परिषद. तिने मे २०२४ मध्ये आराखड्याचा मसुदा लोकांसमोर ठेवला आणि हरकती-सूचना मागवल्या.

आराखडा हा शेकडो पानांचा दस्तऐवज असतो. शाळेचे टप्पे कसे असावेत (जुन्या दहा अधिक दोनच्या जागी पाच-तीन-तीन-चार), कुठल्या टप्प्यावर किती भाषा, कुठले विषय, कोणाला किती वेळ, परीक्षा कशी, मूल्यं कुठली, अशा गोष्टी त्यात असतात. एखादा धडा त्यात नसतो. धड्यांकडे जाणारी पुढची पायरी म्हणजे इयत्तावार अभ्यासक्रम, आणि त्यातल्या 'अध्ययन निष्पत्ती'. शिक्षकांना हा शब्द चांगलाच परिचयाचा आहे, कारण टाचणापासून तपासणीपर्यंत तो त्यांची पाठ सोडत नाही. पालकांना मात्र तो क्वचितच माहीत असतो. खरं तर 'राज्यभराचं मानक' म्हणतात ते हेच: अमुक इयत्तेच्या शेवटी मुलाला काय आलं पाहिजे.

केंद्राच्या २०२१ च्या निपुण भारत अभियानात तिसरीचं एक उद्दिष्ट आहे. मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत आणि ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात. यात कुठलं पुस्तक वापरायचं, कुठली कविता शिकवायची, याचा उल्लेख नाही. तिसरीच्या कुठल्याही वर्गात उभं राहून हे मोजता येतं, वर्धा असो की वसई. पण आजवर एकाही वाहिनीवर 'मिनिटाला ६० शब्द जास्त की कमी' यावर चर्चा रंगलेली मी पाहिली नाही. कारण त्यात कुणाचीच अस्मिता दुखावत नाही.

त्यानंतर येतं पुस्तक. कोठारी आयोगाच्या शिफारशीनंतर १९६७ मध्ये बालभारती स्थापन झाली, तेव्हापासून राज्य मंडळाच्या शाळांत पुस्तक म्हणजे बालभारती हे समीकरण पक्कं आहे. परीक्षा हा वेगळा विभाग. दहावी-बारावी राज्य मंडळाकडे, खालच्या इयत्ता शाळेकडे आणि एससीईआरटीकडे. पुस्तक कितीही सुधारलं आणि प्रश्नपत्रिका जुनीच राहिली, तर शिकवणं प्रश्नपत्रिकेच्याच मागे जातं, हे दहावीला शिकवणाऱ्या कुणालाही विचारा.

आणि या सगळ्याला छेद देणारा कागद म्हणजे शासन निर्णय, अर्थात जीआर. मंत्रालयातून निघतो, विधिमंडळात मतदानाला येत नाही, त्याचा मसुदा लोकांसमोर ठेवण्याची गरज नसते. एका जीआरने गोष्ट वर्गात येते आणि दुसऱ्या जीआरने जाते. २०२३-२४ पासून पाठ्यपुस्तकांतच नोंदींसाठी कोरी पानं घालण्याचा निर्णय असाच आला आणि जानेवारी २०२५ मध्ये तसाच मागे घेतला गेला. मधल्या काळात त्या पानांवर मुलांनी काय लिहिलं, याचा विचार कुणी केला असेल असं वाटत नाही.

आता वादांकडे येऊ.

मे २०२४ च्या मसुद्यात मूल्यशिक्षणाच्या प्रकरणाच्या सुरुवातीला मनुस्मृतीतला एक श्लोक होता. वडीलधाऱ्यांना वंदन करणाऱ्याचं आयुष्य, विद्या, यश आणि बळ वाढतं, अशा अर्थाचा. पाठांतरासाठी मनाचे श्लोक आणि गीतेतल्या अध्यायाचीही सूचना होती. महाडला, जिथे बाबासाहेबांनी १९२७ मध्ये मनुस्मृती जाहीरपणे जाळली, तिथेच निषेध झाला. मनुस्मृतीचा पाठ्यपुस्तकात समावेश होणार नाही, असं तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनी सांगितलं. तांत्रिकदृष्ट्या त्यांचं बरोबर होतं, कारण मसुदा म्हणजे पाठ्यपुस्तक नव्हे. पण हा युक्तिवाद मला पटत नाही. मूल्यांच्या प्रकरणाला तोंडाशीच कुठला श्लोक लावायचा ही निवड असते, आणि पुढे पुस्तक लिहिणारी मंडळी त्या निवडीकडे बघूनच दिशा ठरवतात. इथे आराखड्यावर आक्षेप घेणं योग्य वेळी झालं, कारण तेव्हा तो मसुदाच होता.

त्याच मसुद्यातला दुसरा वाद इंग्रजीचा. अकरावी-बारावीत दोन भाषा घ्यायच्या आणि त्यातली एक तरी भारतीय, अशी रचना सुचवलेली होती. म्हणजे इंग्रजी घेता येईल, पण घ्यावीच लागेल असं नाही. बातमी झाली ती 'इंग्रजी हद्दपार' अशी.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आराखड्यातली आणखी एक गोष्ट गाजली. दहावीत गणित आणि विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी मुलगा उत्तीर्ण, मात्र गुणपत्रिकेवर शेरा येणार की त्याला पुढे गणित-विज्ञानाशी संबंधित शिक्षण घेता येणार नाही. अनेकांनी 'पोरांना आयतं पास करणार' म्हणून झोडपलं. माझ्या मते उलट प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. पंधराव्या-सोळाव्या वर्षी गुणपत्रिकेवर लागलेला असा शेरा कुणाच्या वाट्याला जास्त येईल? ज्या शाळेत गणिताचा शिक्षक वर्षभर नव्हता, तिथल्या मुलांच्या. दुसऱ्या बाजूचंही ऐकायला हवं. गणितात अडकून दहावीच सुटते आणि मूल शिक्षणातूनच बाहेर पडतं, त्याला निदान आयटीआयची किंवा कला शाखेची वाट उघडी राहावी, हा त्यामागचा विचार वाईट नाही. पण चर्चा इथवर पोहोचलीच नाही.

पुस्तकाच्या पातळीवरचा नमुनेदार वाद २०१९ चा. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीसच्या जोडीला 'वीस एक', 'वीस दोन' अशी संख्यावाचनाची पद्धत आली. कारण साधं होतं. मराठीत आपण बावीस म्हणताना एकक आधी उच्चारतो आणि लिहिताना दशक आधी लिहितो, त्यात त्रेसष्ट, अठ्ठ्याहत्तर अशी जोडाक्षरं. नव्याने अंक शिकणारं मूल इथे गडबडतं. गणित विषय समितीच्या प्रमुख, ज्येष्ठ गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी हे पुन्हा पुन्हा समजावून सांगितलं. विधानसभेत मात्र अजित पवारांनी मुख्यमंत्र्यांना 'फडण दोन शून्य' म्हणायचं का, असा चिमटा काढला, सभागृह हसलं, आणि सात वर्षांच्या मुलाला त्रेसष्ट लिहिताना ३६ का सुचतं हा मूळ प्रश्न त्या हशातच विरला. कोटी फर्मास होती, हे मान्य.

मार्च २०२५ मध्ये शिक्षणमंत्री दादाजी भुसे यांनी सीबीएसई पॅटर्न टप्प्याटप्प्याने आणण्याची घोषणा केली. यात 'पॅटर्न' म्हणजे काय हेच अनेकांना उमगलं नाही. राज्य मंडळ बंद होणार का? नाही. शाळा सीबीएसईला जोडणार का? नाही. एनसीईआरटीच्या धर्तीचा अभ्यासक्रम, त्यात राज्याच्या गरजेनुसार बदल आणि पुस्तकं बालभारतीची, असा त्याचा साधारण अर्थ. नीट आणि जेईई डोळ्यांसमोर असलेल्या शहरी पालकांना हे आवडलं. सुप्रिया सुळे यांच्यासह अनेकांनी राज्य मंडळाच्या अस्तित्वाचा आणि मराठीच्या स्थानाचा प्रश्न विचारला. सगळ्यात भावनिक मुद्दा होता चौथीच्या इतिहासाचा. महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी चौथीत शिवछत्रपतींचं चरित्र वाचलंय, आणि ते पुस्तक एनसीईआरटीच्या साच्यात कुठे बसणार? राज्याचा इतिहास-भूगोल राहील असं सरकारने सांगितलं. पण कुठल्या इयत्तेत, किती पानं आणि किती तासिका, हे आश्वासनातून कळत नाही. ते इयत्तावार अभ्यासक्रम हातात आल्यावरच कळतं.

आणि आता हिंदी. इथे जरा थांबावं लागेल, कारण चारही कागद एकमेकांत गुंतलेलं हे प्रकरण आहे.

१६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने धोरणाची अंमलबजावणी जाहीर केली आणि मराठी व इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिली ते पाचवी हिंदी ही तिसरी अनिवार्य भाषा केली. विरोध सगळीकडून उसळला. राज्याच्याच भाषा सल्लागार समितीचे अध्यक्ष लक्ष्मीकांत देशमुख यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून निर्णय मागे घ्यायला सांगितलं. आठवडाभरात 'अनिवार्य' हा शब्द काढण्याची घोषणा झाली. १७ जूनला सुधारित निर्णय आला. हिंदी 'सर्वसाधारणपणे' तिसरी भाषा असेल, वर्गातल्या किमान २० मुलांना दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर शिक्षक दिला जाईल, नाही तर ती ऑनलाइन शिकवली जाईल. २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले आणि तिसऱ्या भाषेचा विचार करायला डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली गेली. ५ जुलैला वरळीत ठाकरे बंधू एका व्यासपीठावर आले, तो भाग तुम्ही टीव्हीवर पाहिलाच असेल.

सरकारची बाजू अशी होती की उर्दू, गुजराती, कन्नड अशा माध्यमांची मुलं आधीच पहिलीपासून तीन भाषा शिकतात: माध्यमाची, मराठी आणि इंग्रजी. मग मराठी माध्यमाची मुलं मागे का राहावीत? शिवाय उद्धव ठाकरे मुख्यमंत्री असताना धोरणाच्या अंमलबजावणीवरच्या माशेलकर समितीचा अहवाल स्वीकारला गेला होता, त्यात काय होतं यावरून दोन्ही बाजूंनी उणीदुणी निघाली. पण ज्या राष्ट्रीय आराखड्याचा दाखला देतात, त्या २०२३ च्या आराखड्यात तिसरी भाषा सहावीपासून, म्हणजे माध्यमिकच्या अलीकडच्या टप्प्यावर सुरू होते. केंद्राच्या आराखड्याने पहिलीत न मागितलेली गोष्ट राज्याच्या जीआरने पहिलीत आणली.

जूनच्या सुधारित निर्णयातल्या २० मुलांच्या अटीकडे मात्र फार कमी लोकांनी हिशेब करून पाहिलं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० साठी तीन शिक्षक अशी रचना आहे. पूर्ण ६० मुलं धरली तरी एका इयत्तेत सरासरी १२ येतात, ९० धरली तरी १८. म्हणजे द्विशिक्षकी, त्रिशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत एका वर्गात २० मुलंच नसतात, मग २० मुलांनी गुजराती किंवा कन्नड मागण्याचा प्रश्नच कुठे येतो? सवलत मिळणार होती ती मोठ्या पटाच्या, बहुतेक करून शहरी शाळांना. लहान गावांसाठी 'सर्वसाधारणपणे' आणि 'अनिवार्य' यांत फरक उरला नव्हता. आणि त्या द्विशिक्षकी शाळेत पाच इयत्ता दोघांत वाटलेल्या असतात. एक बाई पहिली-दुसरीला घेऊन बसतात, गुरुजी उरलेल्या तीन इयत्तांना, त्यातच पोषण आहार, ऑनलाइन माहिती आणि निवडणुकीची कामं. तिथे नवा विषय आला की त्याच्या तासिका कुठून तरी काढाव्या लागतात, आणि त्या सहसा चित्रकला, खेळ, कार्यानुभव यांतून निघतात.

मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, नंदुरबारमध्ये भिली बोलणाऱ्या घरातलं मूल पहिलीत येतं तेव्हा मराठी हीच त्याची दुसरी भाषा असते. इंग्रजी तिसरी. हिंदी ही त्याच्यासाठी चौथी झाली असती. मुंबईत झालेल्या भाषणांत ही मुलं फारशी कुणाला आठवली नाहीत. मराठीच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही नाही.

पहिलीत किती भाषा, हा वाद आपल्याकडे नवा नाही. २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. तोवर ते पाचवीपासून होतं. मातृभाषेचा पाया कच्चा राहील असा आक्षेप तेव्हाही होता. दुसरीकडे ग्रामीण, बहुजन घरांतली मुलं इंग्रजीत मागे पडतात, हा मोरे यांचा मुद्दा खोटा नव्हता. आज तो निर्णय कुणी मागे घ्या म्हणत नाही. पण इंग्रजी पहिलीपासून दिल्याने मराठी शाळांचा पट टिकेल ही आशा काही खरी ठरली नाही, मुलं इंग्रजी माध्यमाकडे जातच राहिली. विषय वाढवणं जीआरने होतं, तो शिकवता येणारा शिक्षक जीआरने तयार होत नाही.

एका गोष्टीची चर्चा या सगळ्या गोंधळात जवळपास झालीच नाही, ती म्हणजे टप्प्यांची. एप्रिलच्या त्या, पुढे रद्द झालेल्या निर्णयात नवा अभ्यासक्रम कधी कुठल्या इयत्तेत येणार हे दिलं होतं: २०२५-२६ मध्ये पहिली, २०२६-२७ मध्ये दुसरी, तिसरी, चौथी आणि सहावी, २०२७-२८ मध्ये पाचवी, सातवी, नववी आणि अकरावी, २०२८-२९ मध्ये आठवी, दहावी आणि बारावी. आता २०२५-२६ मध्ये सातवीत असलेली मुलगी घ्या. तिची आठवी जुन्या अभ्यासक्रमाची, नववी एकदम नव्या आणि दहावी नव्या अभ्यासक्रमाची पहिली तुकडी. तिच्या एक वर्ष मागे असलेल्या सहावीच्या मुलाचंही तेच, सातवी-आठवी जुनी आणि नववीत उडी. नवी नववी सहावी-सातवी-आठवीच्या नव्या पायावर बेतलेली असणार, आणि तो पाया या दोन तुकड्यांकडे नसणार. वेळापत्रक पुढे-मागे सरकलं तरी अशी मधली एखादी तुकडी निघतेच. दरवर्षी राज्य मंडळाच्या दहावीला पंधरा लाखांच्या आसपास मुलं बसतात, तेव्हा हा आकडा किरकोळ नाही. त्यांच्यासाठी सेतू अभ्यासक्रम असेल का, तो आठवीच्या सुट्टीत होईल की नववीच्या पहिल्या दोन महिन्यांत, आणि मार्च २०२९ च्या प्रश्नपत्रिकेत त्याचा विचार होईल का, हे प्रश्न शाळेच्या पालकसभेत आत्ता विचारता येण्यासारखे आहेत.